टेपवरची खटखट

"ही नको, इंदुताई. तुमची ती रोजची नेसा ना. ती जास्त छान दिसते."

डॉक्टर देवस्थळी बाई आमच्या दारात उभ्या राहून हे म्हणाल्या, तेव्हा आईच्या अंगावर तिच्याकडची एकुलती एक बरी साडी होती. मोरपिशी, बारीक जरीकाठाची, मामाच्या लग्नात आहेर म्हणून आलेली. आदल्या संध्याकाळी तिनं ती पेटीतून काढली होती आणि तांब्यात निखारे घालून जमिनीवर पसरून इस्त्री केली होती. रोजची साडी खुंटीवर होती. तिच्यावर तेलाचे डाग होते आणि कितीही झटकली तरी न जाणारी कापसाची पिंज होती.

आई बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. "का? हिला काय झालं?"

"झालं काही नाही हो. पण आलेल्या लोकांना तुमचं खरं आयुष्य दिसायला हवं ना."

"हीबी खरीच हाय, म्याडम. चोरून आणल्याली न्हाई."

बाईंनी माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं. म्हणजे, बघ बाई तुझी आई. मी हसले नाही. मला त्या क्षणी त्यांना दारातून ढकलून द्यावंसं वाटलं होतं, पण त्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि माझं पुढचं सगळं आयुष्य त्या गाडीत बसून कोल्हापूरला जायच्या बेतात होतं.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते, नुकतीच बारावी झालेली. इचलकरंजीत यंत्रमागांच्या एका गल्लीत आमची खोली होती. खोलीच्या भिंतीला लागूनच मागांचा कारखाना, आणि आई त्याच कारखान्यात कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसणारी सुताची नळी. वडील भिवंडीला मागावर म्हणून गेले ते तिकडचेच झाले. मी पाळण्यात होते तेव्हापासून देवस्थळी बाई आमच्याकडे यायच्या. त्या पुण्याच्या एका संस्थेत लहान मुलांच्या मनावर संशोधन करायच्या. गरिबीत, हालअपेष्टेत वाढलेल्या मुलांचं पुढं काय होतं, कोण मोडतं आणि कोण तगतं, हा त्यांचा विषय. आमच्या गल्लीतली पुष्कळ मुलं त्यांनी धरली होती. बाकीची एकेक करून मागावर लागली, काही लग्न होऊन गेली. तगलेली म्हणून दाखवण्यासारखी उरले ती मी.

त्यांनी माझं काहीच केलं नाही असं म्हणणार नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा औषधं त्यांनी आणली होती. दहावीची पुस्तकंही त्यांचीच. आई तेव्हा त्यांना हात जोडून म्हणाली होती, "देवमाणूस हाय तुमी." पण देवमाणूस म्हटलं की पूजा ही आलीच, आणि आजची पूजा कोल्हापूरच्या सभागृहात होती. तिथं मुंबई-पुण्याचे देणगीदार येणार होते. माझी गोष्ट त्यांना भिडली तर पुण्यातल्या कॉलेजची फी आणि वसतिगृहातली एक खाट माझी. नाही भिडली तर कारखान्याच्या शेठनं आईला सांगूनच ठेवलं होतं, पुढच्या महिन्यापासून पोरगीलाबी आण, एक कांडीमशीन रिकामंच हाय.

आईनं साडी बदलली नाही. तशीच गाडीत येऊन बसली.

गाडीत बाई पुढं, आम्ही दोघी मागं. गाव मागं पडल्याबरोबर बाईंनी मान वळवली. "म्हणून दाखव बघू एकदा."

त्यांनी मला वाक्यं पाठ करून घेतली होती. मी म्हणायला लागले. "ज्या घरात मी वाढले ते घर शब्दांपासून वंचित होतं. शब्द नसले की मायाही पोचत नाही. देवस्थळी मॅडम आल्या, आणि पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी बोललं."

"सावकाश. 'पहिल्यांदाच'वर जरा थांब."

मी चोरून आईकडे बघितलं. ती खिडकीबाहेर उसाच्या गाड्या बघत होती. चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही. मला तिचा राग आला. एवढं बोलले तिच्याबद्दल, तिच्या मांडीला मांडी लावून, आणि हिचं आपलं उसाकडे लक्ष!

"मॅडम," मी म्हणाले, "आई बोलते माझ्याशी. कायम बोलते. फक्त आवाज करत नाही."

इथं सांगायला हवं. माग चालू असले की शेजारच्या माणसानं बोंब मारली तरी ऐकू येत नाही. म्हणून मागावरची माणसं ओठांनी बोलतात. आवाज न काढता, ओठ स्वच्छ हलवून, जोडीला डोळे आणि बोटं. कारखान्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सुनेची कागाळी सांगते, तीही तिखटमीठ लावून. आमच्या खोलीतही भिंतीपलीकडे रात्रंदिवस खटखट. आई मला जेवायला हाक मारायची ती ओठांनीच, शिव्या द्यायची त्या ओठांनीच, लाडही तसेच. मी पहिला शब्द ऐकला नाही, बघितला. गल्लीतली सगळी मुलं अशीच वाढली. आणि पन्नाशीला पोचलेली निम्मी माणसं कानानं गेलेली असायची. आमच्या शेजारची शेवंताक्का ठार बहिरी होती, पण गप्पांत तिला कुणी हरवू शकत नसे.

बाईंना हे मी आधीही सांगितलं होतं. त्या आमच्या कारखान्यात यायच्या त्या कानांवर हात ठेवून, आणि आईला अंगणात बाहेर बोलावून प्रश्न विचारायच्या. मी लहान असताना त्यांनी मला खिसा असलेली एक बंडी शिवून दिली होती. खिशात छोटा टेपरेकॉर्डर. आई दिवसभरात माझ्याशी किती बोलते ते मोजायला. टेपवर काय येणार? खटखट आली.

"ते हावभाव झाले, भारती," बाई समजुतीनं म्हणाल्या. "हावभाव सगळेच करतात. मुलाच्या मेंदूला शब्द लागतात. तू वाईट वाटून घेऊ नकोस. आईचा यात दोष नाही, परिस्थितीचा आहे."

परिस्थितीचा दोष आणि फोटो मात्र आईचा. तो फोटो मला त्यांनी आठवडाभर आधी दाखवला होता. आईला दाखवला नव्हता. त्यात मी दोन-अडीच वर्षांची आहे. कमरेला कापडाच्या किनारीची लांब चिंधी बांधलेली आणि चिंधीचं दुसरं टोक खांबाला. पाठीमागं आई मशीनवर बसलेली, पाठमोरी. त्याच महिन्यात गल्लीतल्या आप्पा जाधवाच्या पोराची बोटं मशीनच्या पट्ट्यात गेली होती. त्यानंतर गल्लीतल्या प्रत्येक आईनं आपलं रांगतं-चालतं पोर बांधून ठेवलं. आईनं चिंधीसुद्धा मऊ निवडली होती, काचू नये म्हणून. पण हे फोटोत कुठून दिसणार?

सभागृहाच्या दारात बिल्ला लावलेल्या एका मुलीनं आईला अडवलं. "मावशी, पुढं पाहुणे बसणार आहेत. तुम्ही मागं बसा हं."

आई मागं गेली. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत, मोरपिशी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसली. मला व्यासपीठावर खुर्ची मिळाली. समोर गुच्छ, पाण्याच्या बाटल्या, आणि व्हिडिओ काढणारा एक माणूस.

बाई चांगल्या बोलल्या. त्या नेहमीच चांगल्या बोलायच्या. उपासमार, मारहाण, दुर्लक्ष, यांचा मुलाच्या वाढत्या मेंदूवर कसा ओरखडा उठतो ते त्यांनी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "आता मी तुम्हाला एका घराचा आवाज ऐकवते," आणि त्यांनी टेप लावली.

खटाखट, खटाखट, खटाखट. वातानुकूलित सभागृहात आमचा कारखाना घुसला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी कान झाकले.

"पूर्ण दिवसाची टेप आहे," बाई म्हणाल्या. "या दिवसभरात आईनं मुलीशी बोललेले शब्द एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. ही या मुलीची मातृभाषा."

आणि पडद्यावर फोटो आला. चिंधी, खांब, मी, आईची पाठ.

सभागृहातून 'अरेरे' उठलं. बाईंनी सांगितलं की आईचं नाव त्या घेणार नाहीत, संशोधनाचे तसे नियम असतात. नियम फारच चोख होते. आईचं नाव घ्यायचं नाही, मुलीला मात्र गुच्छासकट व्यासपीठावर उभं करायचं!

मी शेवटच्या रांगेकडे बघितलं. आई पडद्याकडे बघत होती. तिच्या शेजारी मोत्यांची माळ घातलेल्या एक बाई होत्या. त्या आईकडे झुकल्या आणि काहीतरी बोलल्या. माझ्यापासून पार दुसऱ्या टोकाला, पण ओठ मला लख्ख दिसले. "कसल्या आया असतात हो एकेक!"

आईनं त्यांच्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाईंनी माझं नाव पुकारलं तेव्हा मी माईकपुढं गेले खरी, पण पाठ केलेलं एक वाक्य तोंडातून निघेना. निघेना म्हणजे मीच काढत नव्हते.

आणि मग आईचे ओठ हलले.

"बोल की."

"न्हाई बोलणार," मी म्हणाले. अर्थातच ओठांनी. माईकला काही ऐकू गेलं नाही.

"का? काय झालं?"

"सगळं खोटं हाय."

"खोटं हाय ते तुला ठावं, मला ठावं. झालं की."

"ह्यांस्नी कुठं ठावं हाय?"

"ह्यांच्याशी काय सोयरीक करायची हाय व्हय आपल्याला? बोल, आन् घे तुझं काय असंल ते."

माझ्या मागं बाई पुटपुटल्या, "घाबरू नकोस. वेळ घे." सभागृहाला त्या हळूच म्हणाल्या, "तिला जरा वेळ देऊ या." सगळे दयेनं माझ्याकडे बघत होते. मी मात्र भांडत होते. आयुष्यात आईशी मी पुष्कळ भांडले, पण त्या दिवसाइतकं कधीच नाही. आणि एवढ्या माणसांत एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

"मी आप्पाच्या पोराचं सांगते," मी म्हणाले. "पट्ट्यात बोटं गेली म्हणून बांधलंवतंस ते सांगते."

"सांगशील, आन् पुढच्या म्हैन्यापास्नं माझ्याशेजारी कांड्या भरत बसशील."

"बसीन."

"जीभ हासडून हातात दीन! त्यासाठी शिकीवलं व्हय तुला? त्यासाठी हिला इतकी वर्सं घरात घेतली? चा पाजला? माझ्या दारात बसून आपल्याबद्दल काय लिवून न्हेत हुती, ते काय मला कळत न्हवतं?"

"मग आत्ता मान कशाला डोलावलीस त्या बाईपुढं?"

"तिच्याशी भांडत बसू? तू गेलीस का न्हाईस पुण्याला, एवढंच मला बघायचं हाय."

"तू तितं बसणार. तू ऐकत बसणार, आन् मी म्हणू, माझी आई माझ्याशी बोलली न्हाई? तुझ्या तोंडावर?"

आई थांबली. तिनं पदर सारखा केला. क्षणभर खाली बघितलं, आणि पुन्हा मान वर करून म्हणाली, "मला कुठं ऐकू येतंय?"

मला वाटलं मी चुकीचं वाचलं.

"कान गेल्यात माझं. शेवंताक्कागत. लई दिवस झालं, तुला बोलले न्हाई. आता हितं कोन काय बोलतंय, एक अक्षर कळंना झालंय मला. त्या बाईनं काय ईचारलं तेबी कळलं न्हाई, म्हणून मान डोलावली. तू काय बोलायचं ते बोल जा. मी तुझ्या तोंडाकडं बघनार न्हाई, आन् ऐकू तर येनारच न्हाई."

सकाळी दारात ती बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, ते आठवलं. गाडीत मी तिच्या मांडीला मांडी लावून एवढं बोलले आणि ती उसाकडे बघत बसली, तेही आठवलं. खोलीत तर आम्ही आवाजानं कधी बोलतच नव्हतो, मग कळणार कसं? इतके दिवस मला पत्ताच नव्हता. आणि खरं सांगायचं तर कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं.

माझे डोळे भरून आले. सभागृहाला तेच हवं होतं.

आईनं मान खाली घातल्यावर मी बोलले. खणखणीत बोलले. ते घर शब्दांपासून वंचित होतं म्हणाले. माया पोचली नाही म्हणाले. 'पहिल्यांदाच'वर थांबायला सांगितलं होतं तिथं थांबले. कुणीतरी माझ्याशी बोललं, असं म्हणताना देवस्थळी बाईंकडे हात केला, आणि बाई खरोखर रडल्या. टाळ्या थांबेनात. आईनं इकडंतिकडं बघितलं, सगळे टाळ्या वाजवतायत असं बघून तिनंही वाजवल्या, जरा उशिरा.

पुण्याची खाट मला मिळाली. आज मी पुण्यातच कापडाची परीक्षा करणाऱ्या एका प्रयोगशाळेत आहे. कापड फाटेपर्यंत ताणायचं आणि किती ताणावर फाटलं ते सांगायचं, हे माझं काम. देवस्थळी बाई आता निवृत्त झाल्यात, पण त्या दिवसाची चित्रफीत अजून व्याख्यानांत दाखवतात. मध्यंतरी अशा एका व्याख्यानाला मी मुद्दाम गेले आणि मागच्या रांगेत बसले. पडद्यावर मी माईकपुढं उभी होते आणि नुसते ओठ हलत होते. बाई सांगत होत्या, "बघा, मुलीला बोलायचं आहे, पण शब्दच सापडत नाहीत. लहानपणी न मिळालेले शब्द असे आयुष्यभर शोधावे लागतात." लोक टिपून घेत होते. पडद्यावर मी तेव्हा 'बसीन' म्हणत होते.

उठून सांगावं असं फार वाटलं. जीभ शिवशिवत होती. पण सांगून दाखवणार काय? चित्रफितीत माझी निम्मी बाजू आहे. आईची नाही. कॅमेरा व्यासपीठाकडे होता आणि आई आता नाही.

त्या दिवशी कोल्हापुरात कार्यक्रम संपल्यावर बाई देणगीदारांबरोबर जेवायला थांबल्या. गाडीही थांबली. आम्ही दोघी एस.टी. स्टँडवर चालत गेलो आणि इचलकरंजीची गाडी धरली. भर दुपारची वेळ. गाडीत फारशी माणसं नव्हती, पण काचा अशा खडखडत होत्या की कारखाना बरा. आई खिडकीशी बसली.

डोक्यात एकच चाललं होतं, हिला पुण्याला न्यायचं, कानाच्या डॉक्टरांना दाखवायचं, पहिल्या पगारात ते कानात घालायचं यंत्र घ्यायचं. मी तिच्या हाताला हात लावला. तिनं वळून बघितल्यावर ओठ सावकाश हलवून म्हणाले, "पुण्याला गेल्यावर तुझं कान दाखवू."

"बघू," ती म्हणाली आणि पुन्हा बाहेर बघायला लागली.

हातकणंगले मागं पडलं. मांडीवरच्या गुच्छातली फुलं उन्हानं मलूल झाली होती. आईनं त्यातलं एक काढलं, वास घेतला, परत खोचलं. वास नसावा. मग खिडकीबाहेरची नजर न हलवता तिनं विचारलं,

"वंचित म्हंजी काय गं?"

तो शब्द तिनं आयुष्यात कधी उच्चारला नव्हता. आमच्या गल्लीत तो कुणी उच्चारत नव्हतं.

मी तिचा दंड धरला. तिनं माझ्याकडे वळावं, माझं तोंड बघावं, म्हणजे मला आवाज न करता काहीतरी सांगता येईल, माफी तरी मागता येईल. ती वळली नाही. पदर डोक्यावर ओढून घेतला आणि उसाच्या फडांकडे बघत राहिली.

"आवाज काढून सांग," ती म्हणाली. "ऐकू येतंय मला."